अकरा भाग एका रात्रीत संपवू नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, नमस्कार. मी २३ वर्षांची, मूळची मिरजेची, नोकरीसाठी पुण्यात. कॉलनीत आम्ही सहा जण एकत्र वाढलो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण रात्री बाइकवरून येताना अपघातात गेला. आता एक जण बेंगळुरूला, एक जर्मनीत, दोघं मिरजेतच. ग्रुप आहे, पण त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही येत नाही. तो ॲनिमेवेडा होता, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचा वेडा. 'आनोहाना बघा' म्हणून आमच्या मागे लागायचा. कुणीच बघितलं नाही. पुढच्या महिन्यात त्याला जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशी सगळ्यांनी मिरजेत जमून रात्रभरात ती मालिका बघावी, असं माझ्या मनात आहे. त्याच्या आईलाही बोलवावं का? एक जण म्हणतो, 'मला यात ओढू नका.' मी एकटीनं तीन भाग बघितले आणि थांबले, कारण त्या रात्री मीच त्याला फोन करून 'लगेच ये' म्हटलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही."

मालिका जरूर बघा. पण त्या दिवशी नको, रात्रभरात नको, आणि काकूंना सोबत बसवून तर अजिबात नको. फोनची गोष्ट मात्र शेवटचे दोन भाग लागायच्या आधी किमान एका माणसाला सांगून ठेव. का, ते आता सविस्तर. मालिकेचा शेवट सांगितल्याशिवाय तुझ्या प्रश्नांची उत्तरं देता येणार नाहीत, त्यामुळे तो इथे फुटणार आहे. ही मालिका शेवट माहीत असूनही रडवते, तेव्हा त्यात फार नुकसान नाही.

'आनोहाना' २०११ च्या एप्रिल ते जूनमध्ये फुजी टीव्हीवर आली. ए-१ पिक्चर्सची निर्मिती, दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा. एकूण ११ भाग, प्रत्येक साधारण २३ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून सव्वाचार तास. तोक्योच्या वायव्येला सायतामा प्रांतात चिचिबू नावाचं डोंगरांनी वेढलेलं गाव आहे, कथा तिथली. लहानपणी जंगलातल्या एका झोपडीत अड्डा जमवणारी सहा मुलं. त्यांतली मेन्मा नदीत पडून मरते. पाच वर्षांनी, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाच्या वयात, उरलेली पाच जणं एकमेकांशी धड बोलतही नाहीत. त्यांतला जिन्तान शाळेत जायचं सोडून घरात व्हिडिओ गेम खेळत बसलेला असतो, आणि एके दिवशी मेन्मा त्याच्यासमोर येऊन उभी राहते. दिसते फक्त त्याला. म्हणते, माझी एक इच्छा पूर्ण करा. कोणती ते मात्र तिलाच आठवत नाही.

तू तीन भागांवर थांबलीस, म्हणजे मेन्मा गेली त्या दिवशीचा प्रसंग तुला ठाऊक आहे. त्यांच्यातलीच अनारू सगळ्यांसमोर जिन्तानला विचारते, तुला मेन्मा आवडते ना? जिन्तान लाजेपोटी म्हणतो, अशी कुरूप पोरगी कुणाला आवडेल, आणि पळून जातो. मेन्मा त्याच्या मागे जाते आणि परत येत नाही. 'लगेच ये' हे दोन शब्द तुला तिथेच टोचले असणार.

पुढच्या आठ भागांत मालिका काय करते ते बघ. त्या एकाच दिवसाचे पाच वेगवेगळे जबाब ती बाहेर काढते. जिन्तानला वाटतं, माझ्या वाक्यामुळे झालं. अनारूनं मुळात तो प्रश्न विचारलेला असतो. तो विचारायला लावणारा युकिआत्सू. शिवाय त्यानं नंतर मेन्माला गाठून केसांची क्लिप देऊ केलेली असते आणि तिनं ती घेतलेली नसते. त्सुरुकोनं हे लपून बघितलेलं असतं, आणि ती क्लिप ती अजून जपून ठेवते. पोप्पो, सगळ्यांत हसरा, जगभर फिरणारा, त्याच झोपडीत मुक्काम ठोकणारा, त्यानं मेन्माला पाण्यात वाहून जाताना प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, आणि त्याचे पाय हललेले नसतात. पाचही जण पाच वर्षं 'दोषी मीच' असं धरून बसलेले. पाचही जण एकाच वेळी एकमेव कारण असू शकत नाहीत, हा साधा हिशेब त्यांच्या लक्षात येत नाही, कारण कुणी दुसऱ्याचा जबाब ऐकलेलाच नसतो.

तुझ्या फोनमुळे काही झालं नाही, असं आम्ही इथून लिहिलं तरी ते तुला पटणार नाही. म्हणून लिहीत नाही. पण उरलेल्या चौघांकडे काय काय आहे हे तुला माहीत नाही, एवढं नक्की. 'ओढू नका' म्हणणाऱ्याची ती बाइक असेल. त्या रात्री त्याच्याशी भांडण झालेलं असेल. कदाचित काहीच नसेल, त्याला फक्त नको असेल.

आता बघायचं कसं.

पुण्यतिथीचा दिवस घरच्यांचा. सकाळपासून त्या घरात नातेवाईक, पूजा, जेवण, फोन. तुम्ही तिथे जा, बसा, जेवा, निघा. मालिका त्याच्या आधी चार आठवडे सुरू करा आणि शेवटचे दोन भाग त्या दिवसानंतरच्या पहिल्या शनिवारी ठेवा. जवळच्या माणसाच्या तारखेच्या आगेमागे झोप उडणं, चिडचिड होणं, छाती भरून येणं हे अनेकांना होतं. त्यात रात्रभर जागरण आणि सव्वाचार तास रडारड घातली, तर पहाटे चारला तुमच्यातलं कुणीतरी असं काही बोलेल जे सकाळी मागे घेता येणार नाही. रात्रभर बघण्यातला दुसरा तोटा मालिकेच्या रचनेतलाच आहे. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत माणसं एकमेकांशी वाईट वागतात. सलग बघताना ते नुसतं कंटाळवाणं वाटतं. आठवडाभराची फट मिळाली की ते आपल्यावर उलटतं.

पहिली बैठक एक ते तीन भागांची, तुझ्यासाठी उजळणी. दुसरी चार ते सहा, तिसरी सात ते नऊ, प्रत्येकी सुमारे ७० मिनिटं. चौथी दहा आणि अकरा, ४६ मिनिटं. पहिल्या तीन बैठका आपापल्या घरून चालतील, चौथी शक्यतो एका खोलीत. जर्मनीतल्याला तेव्हा येता येणार नसेल तर त्याच्यासाठी लॅपटॉप वेगळा मांडा, टीव्हीसमोर धरलेला फोन नव्हे.

घरून बघताना एकानं स्क्रीन शेअर करायची आणि बाकीच्यांनी ती बघायची, असं करू नका. चित्र अडखळतं, आवाज पुढेमागे होतो, आणि रडण्याच्या जागी कुणाचं तरी नेट जातं. प्रत्येकानं आपल्या खात्यावर तोच भाग उघडायचा, ००:०० वर थांबवायचा, व्हिडिओ कॉलवर एकानं तीन-दोन-एक म्हणायचं आणि सगळ्यांनी प्ले दाबायचं. माइक बंद, कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. भाग संपला की थांबून पुन्हा तेच, म्हणजे जमलेला फरक निघून जातो. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. रात्री नऊला सुरू केलंत तर त्याच्याकडे साडेपाच किंवा साडेचार वाजलेले असतील, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तो ऑफिसात असेल. म्हणून रविवार धरा.

आवाज मूळ जपानीच ठेवा, सबटायटल्स लावून. इंग्रजी डबिंग २०१७ मध्ये आलं, ते वाईट नाही. पण मेन्माचं काम आइ कायानोनं ज्या आवाजात केलंय, तो लहान मुलीचा, किंचित ओढलेला, आपण गेलोय हे माहीत असूनही खेळकर असलेला आवाज म्हणजेच मालिकेचा निम्मा जीव आहे. कुठल्या ॲपवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलतं, तेव्हा चौघांना आधी शोधायला सांगा. २०१३ चा चित्रपट मालिकेऐवजी लावण्याचा मोह कुणाला तरी होईल, कारण तो दोन तासांत आटोपतो. त्याला नको म्हणा. तो एक वर्षानंतरची गोष्ट जुन्या दृश्यांत कालवून सांगतो. मालिका न बघता तो बघणाऱ्याला नुसती सरमिसळ दिसते.

काही जागा आधीच सांगून ठेव. चौथ्या भागात युकिआत्सू केसांचा टोप आणि पांढरा झगा घालून मेन्माचं सोंग घेताना पकडला जातो. ऐकायला हास्यास्पद, आणि पहिल्यांदा बघताना ग्रुपमधलं कुणीतरी हमखास खो-खो हसतं. हसू द्या. मग सांगा की हा दोन मिनिटं थांबून बघायचा प्रसंग आहे: अभ्यासात पहिला, दिसायला देखणा, सगळ्यांना तुच्छ लेखणारा हा मुलगा दुःखानं सगळ्यांत जास्त पोखरलेला आहे. पाचव्या भागात एक मुलगा अनारूला बळजबरीनं लॉजकडे न्यायला बघतो. ती सुटते, पण ज्यांना असं काही बघणं जड जातं त्यांना आधी कल्पना हवी. आणि एक तक्रार आमचीही: मेन्मा वागायला लहान मूल आणि शरीरानं वाढलेली, तिचं जिन्तानच्या अंगाखांद्यावर लोळणं कॅमेरा काही वेळा नको तितकं दाखवतो. त्यानं अवघडल्यासारखं झालं तर दोष बघणाऱ्याचा नाही.

सातव्या भागापासून गोष्ट अग्निबाणाकडे वळते. जिन्तानची आई आजारी असताना ती बरी व्हावी म्हणून देवाला चिठ्ठी पाठवायचा बेत मेन्मानं लहानपणी मांडलेला असतो, चिठ्ठी आतषबाजीच्या बाणातून आकाशात. तीच तिची इच्छा असणार असं धरून सगळे बाण बनवून घ्यायला निघतात. हे हवेतलं नाही. चिचिबूच्या योशिदा भागात मुकू देवळाच्या उत्सवात ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असे बाण खरोखर उडवतात. त्यांना र्‍युसेई म्हणतात: पाइनचं खोड उभं चिरून, आतून पोखरून, पुन्हा जोडून बांबूच्या कड्यांनी आवळायचं, आत काळी दारू ठासायची, मागे लांबलचक बांबूची शेपटी. मालिकेत खर्च दोन लाख येन सांगितला जातो, आणि शाळेला न जाणारा, माणसांना टाळणारा जिन्तान तेवढ्यासाठी दुकानात आणि रात्री बांधकामावर राबायला लागतो. अंगमेहनतीचं काम हाती आल्यावर तो घराबाहेर पडतो, हे लेखिकेनं अचूक पकडलंय.

तुमच्याही डोक्यात यानंतर काहीतरी येईल. आपल्याकडे ते बहुतेक रक्तदान शिबिर नाहीतर त्याच्या नावाचा क्रिकेटचा स्मृतिचषक असतं. वाईट काही नाही. पण दहावा भाग आधी बघा. बाण उडतो, आणि मेन्मा जात नाही. महिनाभर घाम गाळून जी इच्छा पूर्ण केली ती तिची मुख्य इच्छा नव्हतीच. शिवाय बाण उडायच्या क्षणी प्रत्येकाच्या मनात वेगळंच चाललेलं असतं: कुणाला ती जाऊन एकदाचं सुटायचं असतं, कुणाला ती जिन्तानपासून दूर जायला हवी असते. उपक्रमात गुंतलेल्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागत नाही, हा त्याचा फायदाही आहे आणि खोटही. म्हणून उपक्रमाचा विषय चौथ्या बैठकीनंतर महिनाभर काढू नका. त्यानंतर काढलात तर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचा फोटो फ्लेक्सवर लावू नका.

आता काकूंचं. सहाव्या भागात ही मुलं मेन्माच्या घरी जातात, तिची आई हसून स्वागत करते, मेन्माची दैनंदिनी देते. मुलांना वाटतं, काकू सावरल्या. आठव्या भागात तीच बाई फुटते. माझीच मुलगी का गेली, आणि तुम्ही सगळे मात्र वाढलात, मजेत आहात, तिच्या नावानं खेळ मांडलाय. हे ती किंचाळून सांगते, आणि ते अन्यायाचं असूनही खरं आहे. तुमच्या काकूंना सोफ्यावर बसवून हा प्रसंग दाखवायचा आहे का? त्यांच्यासमोर तुमच्यातलं कुणी मनमोकळं बोलेल का? आणि पाच वाढलेली, कमावती मुलं आपल्यासमोर ओळीनं रडताना त्यांना पाणी द्यायला, पाठीवरून हात फिरवायला कोण उठेल? त्याच उठतील.

त्यांच्याकडे मालिका न नेता जा. दोघादोघांनी जा, पाचांची फौज नको. तारखेच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे त्याआधी किंवा नंतर पंधरा दिवसांत कधीतरी दुपारी, फोन करून. त्यांना बहुधा माहीत नसलेलं त्याचं काहीतरी सोबत न्या: तुमच्या फोनमधले त्याचे फोटो कागदावर काढून, त्याचा आवाज असलेली एखादी व्हॉइस नोट हवी का, असं आधी विचारून. न विचारता आवाज लावू नका. त्या दुसऱ्याच विषयावर बोलल्या तर दुसऱ्याच विषयावर बोला. फोनची गोष्ट त्यांना सांगावी का, हा प्रश्न तुला पडेलच. आत्ता नाही. ती आधी मित्रांमध्ये सांगून, दोन-चार महिने अंगवळणी पडू दे. मग सांगण्यात त्यांना काही मिळणार आहे की फक्त तुझं ओझं हलकं होणार आहे, हे तुला नीट दिसेल. त्यांनी स्वतःहून विचारलं, 'त्या रात्री तो कुणाकडे निघाला होता गं?', तर मात्र खोटं बोलू नकोस.

मित्रांना सांगायचं कधी? मालिकेत खरं बोलणं अगदी शेवटी होतं, मेन्मा विरत चाललेली असताना, घाईघाईत, ओरडत. पडद्यावर ते भिडतं. तुमच्या खोलीत तसं झालं, तर अकरावा भाग संपल्याबरोबर तुझी गोष्ट बाहेर पडेल, बाकीचे चौघं तुला समजावायला धावतील, आणि त्यांचं स्वतःचं जे काही आहे ते तिथेच गाडलं जाईल. म्हणून तिसऱ्या बैठकीनंतर एकाला गाठ. निवडताना चटकन 'छे, तुझी काय चूक' म्हणणारा टाळ. जो गप्प बसून ऐकतो तो निवड. लिहून पाठवू नकोस, निळी टिक बघत बसशील. बोल, आणि चारच वाक्यांत: फोन किती वाजता केला, काय म्हणालीस, का बोलावलं होतंस, कधी कळलं. त्यावर तुझा निकाल जोडू नकोस.

चौथ्या बैठकीत अकरावा भाग संपला की लगेच चर्चा नको. शेवटचं गाणं पूर्ण वाजू द्या. ते मुळात २००१ चं, इथे तिघी मुख्य अभिनेत्रींनी पुन्हा गायलंय. मग दिवे लावून जेवून घ्या. जेवण आधीच आणून ठेवलेलं असावं. अशा वेळी कुणी ऑर्डरच्या ॲपमध्ये शिरलं की वेळ हातची जाते. दारू त्या संध्याकाळपुरती बाजूला. जेवणानंतर ज्याला बोलायचं त्यानं तो गेला त्या दिवसाबद्दल स्वतःपुरतं बोलायचं, पाचेक मिनिटं, इतरांनी मध्ये काही म्हणायचं नाही, समजूतही घालायची नाही. कुणी 'माझं काही नाही' म्हणालं तर पुढे. सुरुवात तू कर, कारण तुझं एकदा सांगून झालेलं असेल. रडण्याचं मोजमाप ठेवू नका. मेन्माची खरी इच्छा जिन्तानला रडवणं हीच असते, त्याच्या आजारी आईला तिनं तसं वचन दिलेलं असतं. त्यामुळे ही मालिका बघून न रडणाऱ्याला आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. काही माणसं तीन दिवसांनी भाजी चिरताना रडतात.

एक गोष्ट मालिका देते आणि तुमच्या वाट्याला येणार नाही. तिथे गेलेली मुलगी परत येते, प्रत्येकाला चिठ्ठी लिहिते, तुम्ही मला आवडता म्हणून सांगून जाते. तुमच्याकडे चिठ्ठी येणार नाही. अकराव्या भागानंतर दोन-तीन दिवस याची चरचर जाणवेल, विशेषतः तुला. ती जाणवणार हे आधी ठाऊक असलेलं बरं. त्या आठवड्यात महत्त्वाचं काम, परीक्षा, लांबचा रात्रीचा प्रवास शक्य असेल तर ठेवू नका. चित्रपट त्यानंतर वर्षभरानं बघण्यासारखा आहे: त्यात ही पाच जणं मेन्माला पत्रं लिहितात आणि अड्ड्यावर जाळतात. ते तुम्हीही करू शकाल, भूत न येता.

'ओढू नका' म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह नको आणि ग्रुपमधून टोमणेही नकोत. त्याला वेगळा मेसेज कर, साधारण असा: "आम्ही अमुक तारखेला त्याची ती मालिका संपवतोय. तू बघायला यायची गरज नाही. साडेनऊला जेवायला बसणार आहोत, तेवढ्याला आलास तर तुझं ताट आहे. नाही आलास तरी काही नाही." उत्तर आलं नाही तर आठवण करून देऊ नकोस. ताट मात्र वाढून ठेवा.

आता थोडं तुझ्याबद्दल. दोन वर्षांनी दुःख होणं हा आजार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकार अशी वेगळी नोंद आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याचेच विचार रोज, दिवसभर, आणि त्यापायी नोकरी, झोप, माणसं सगळं विस्कटलेलं. तू नियमित कामाला जातेस का, जेवतेस का, फोनची रिंग वाजली की अजून थरथर होते का, हे तुझ्या पत्रावरून कळत नाही. तसं काही असेल तर मालिका पुढे ढकल आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठ. 'त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं' हा विचार जगणं नकोसं होण्यापर्यंत जात असेल तर आजच, बैठकीची वाट न बघता, टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन कर. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर चौघांनाही पाठवून ठेव, पहिल्या बैठकीच्या वेळापत्रकासोबतच, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही.